पंचाहत्तर वॉटांची शिस्त

सांगलीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवताना गेली बरीच वर्षं एक काम मी मनापासून करत आलोय. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले ऑफिसचे डेस्कटॉप आणायचे, उघडून साफ करायचे, तपासायचे आणि त्यात ग्राफिक कार्ड बसवून गेम खेळणाऱ्या पोरांच्या हाती द्यायचे. नवा गेमिंग पीसी म्हटला की पन्नास-साठ हजारांची बात होते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची झेप त्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाही. कुणी सुट्टीत काम करून पैसे साठवलेले असतात, कुणाच्या वडिलांनी बोनसमधून बाजूला काढलेले असतात. असे पैसे चुकीच्या वस्तूवर गेले की फार वाईट वाटतं. ते जाऊ नयेत यासाठी या कामातून जे कळलं ते लिहितोय.

आधी माल कुठून येतो ते सांगतो. मोठ्या कंपन्या, बँका, कॉल सेंटरं संगणक लीजवर घेतात, नाहीतर वॉरंटी संपली की सगळे एकदम बदलतात. मग एकाच मॉडेलची शेकडो यंत्रं एका झटक्यात बाहेर पडतात. व्यापारी ती लॉटने उचलतात आणि दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांतून ती गावोगाव पोचतात. माझा माल पुण्या-मुंबईहून येतो. त्यात डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर हीच नावं पुन्हापुन्हा असतात.

'सेकंडहँड' म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते. पण या यंत्रांचं आयुष्य कसं गेलेलं असतं बघा. एसीत ठेवलेली, यूपीएसवर चाललेली, दिवसभर एक्सेल आणि ईमेल एवढंच काम. वर्षानुवर्षं न थांबता चालावीत म्हणूनच ती बनवलेली असतात. बोर्ड मजबूत, पंखे शांत, कॅबिनेटचा पत्रा जाड. गेल्या दहा वर्षांत स्वस्त नव्या कॅबिनेटचे जेवढे पत्रे वाकलेले पाहिले, त्याच्या पावपटही या ऑफिसवाल्यांचे पाहिले नाहीत.

ऑप्टिप्लेक्स ९०२० चा टॉवर उघडायला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. बाजूची खटकी ओढली की दार हातात येतं. दारावर बहुधा जुन्या कंपनीचं नंबर लिहिलेलं स्टिकर अजून चिकटलेलं असतं. आत हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसलेला असतो. तो ब्लोअरने एकदम उडवायचा नाही. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, मगच हवा मारायची. नाहीतर पंखा वेड्यासारखा फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. मग हीटसिंक काढायचा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झालेली असते, बोटाने घासली की भुगा पडतो. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मधोमध नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवायचा, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडेथोडे आवळायचे. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलायचा. एवढ्यानेच गेम चालू असतानाचं तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरताना मी अनेकदा पाहिलंय. खर्च म्हणाल तर किरकोळ. या साफसफाईत घाई करणाऱ्याने हा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना प्रोसेसर गेमला पुरतो का, हा प्रश्न रोज येतो. त्याला मी एक दाखला देतो. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा गेम पीसीवर २०१५ साली आला. तो बनवणाऱ्यांनी जी शिफारस केलेली सामग्री जाहीर केली, तिच्यात इंटेलचा कोअर आय५-३४७० हा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम होती. हाच आय५-३४७० ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये घालून हजारो ऑफिसांत गेला. त्याच्या पुढच्या पिढीचा आय५-४५७० हा २०१३ चा, चार कोअरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा. आय७-४७७० मध्ये कोअर चारच, पण थ्रेड आठ. अकाउंट्स विभागात व्हाउचर टाकण्यासाठी घेतलेल्या यंत्रात एवढी ताकद पडून होती. कमी होतं ते फक्त ग्राफिक कार्ड.

आणि इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. कारण कार्डाचा विचार सगळे करतात, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा कुणी करत नाही.

ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या टॉवरमधला एसएमपीएस २९० वॉटचा असतो. कार्डाला जादा वीज देणारी सहा पिनांची वायर त्याला नसते. म्हणजे कार्डाला जी काही वीज मिळायची, ती ज्या खाचेत ते बसतं त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधूनच. तिची कमाल मर्यादा ७५ वॉट. आता बेरीज करा. आय५-४५७० चे ८४ वॉट, कार्डाचे ७५, बोर्ड, डिस्क, रॅम, पंखे मिळून साधारण चाळीस. दोनशेच्या आसपास आकडा येतो. २९० मध्ये तो आरामात बसतो आणि वर श्वास घ्यायला जागा राहते. म्हणून ७५ वॉटांच्या आतलं कार्ड हीच या यंत्राची लक्ष्मणरेषा. जीटीएक्स ७५० टीआय ६० वॉटचं, १०५० टीआय आणि १६५० ही ७५ वॉटची. त्यातही १६५० घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण त्याच नावाने विकली जाणारी बरीच कार्डं वेगळी सहा पिनांची वायर मागतात. डब्यावरचं नाव वाचून चालत नाही, कार्डाची कड बघावी लागते.

एक मुलगा दुसरीकडून जोडून घेतलेला पीसी घेऊन आला. तक्रार एवढीच, 'दादा, खेळताना जळका वास येतो.' दार उघडलं तर आत १२० वॉटांचं कार्ड. एसएमपीएसला सहा पिनांची वायर नाही म्हणून कुणीतरी हार्ड डिस्कच्या साटा वायरवरून कन्व्हर्टर लावून कार्डाला वीज दिली होती. साटाचं टोक वितळून काळं झालं होतं, प्लास्टिक पिनांना चिकटलं होतं. साटा कनेक्टरचा १२ व्होल्टचा भाग साडेचार अँपियरचा, म्हणजे ५४ वॉटचा. सहा पिनांच्या वायरीकडून कार्ड ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. कन्व्हर्टर बाजारात मिळतो याचा अर्थ तो लावायचा असा नाही. मुलाला मी ते वितळलेलं टोक दाखवलं, कागदावर हिशोब करून दाखवला. ते कार्ड विकून त्याने ७५ वॉटचं घेतलं. वीस-पंचवीस टक्के फ्रेम कमी मिळाल्या असतील, पण घरात आग लागण्याची भीती गेली.

'मग एसएमपीएसच बदला की' असं लोक म्हणतात. ते करता येतं, पण प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. ऑप्टिप्लेक्स ७०१० चा बोर्ड नेहमीची चोवीस पिनांची वायर घेतो. त्याच्या पुढच्या ९०२० मध्ये ती आठ पिनांची झाली. एचपीच्या एलिटडेस्कला सहा पिनांची लागते, लेनोव्होच्या एम९३पीला चौदा. कन्व्हर्टर, चांगला एसएमपीएस, कुठे पत्रा कापणं, असं करत खर्च इतका चढतो की त्या पैशांत आणखी एक अख्खा डेस्कटॉप आला असता. म्हणून मी गिऱ्हाइकाला यातून परावृत्त करतो. मर्यादा मान्य करून बांधलेलं यंत्र वर्षानुवर्षं चालतं. मर्यादेशी भांडून बांधलेलं दर महिन्याला दुकानात येतं.

आकाराचंही तसंच. टॉवर, स्लिम आणि तळहाताएवढं टायनी, असे तीन प्रकार येतात. स्लिम टेबलावर छान दिसतो, स्वस्तही मिळतो, पण त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. तशी कार्डं कमी, महाग आणि बहुधा दुबळी. आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचं कार्ड अर्ध्या उंचीत मिळतं खरं, पण ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याची ताकद पुरती उतरत नाही. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची हौस असलेल्या पोराची निराशा ठरलेली. गेमसाठी घ्यायचा तर टॉवरच घ्या. पाचशे-हजार जास्त जातात, पण पुढची वाट खुली राहते.

विश्रामबागेतला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एकदा कार्ड परत करायला आला. गेम सुरळीत चालतो, पण शहरात गाडी जोरात हाणली की चित्र मध्येच अडकतं, असं त्याचं म्हणणं. कार्ड नवंच होतं. मी काही न बदलता तासभर बघत बसलो. कार्डाचं तापमान ठीक, वापर मात्र मध्येच शून्याकडे कोसळायचा. म्हणजे कार्ड रिकामं बसून कशाची तरी वाट बघत होतं. आत ८ जीबीची एकच रॅम होती. ती काढून ४ जीबीच्या दोन लावल्या, तेव्हा दोन्ही चॅनेल चालू झाले आणि फ्रेमचा चढउतार कमी झाला. तरी अडकणं उरलंच. मग गेम जुन्या हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर हलवला आणि दुखणं संपलं. ८ जीबी तेवढेच राहिले, कार्ड तेच राहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर मोजायचं, ही सवय या धंद्यात सोन्यासारखी आहे. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला दुखणं बरं झालं तरी औषध कळत नाही, आणि गिऱ्हाइकाला चारही औषधांचं बिल भरावं लागतं.

२०२१ हे वर्ष मी विसरणार नाही. कोविडमुळे चिपचा तुटवडा आणि त्यातच इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी कार्डांची उचल. पाच वर्षांपूर्वीची १०५० टीआय नवी असतानाच्या भावापेक्षा महाग विकली जात होती. शाळा-कॉलेजं ऑनलाइन, म्हणून संगणक तर प्रत्येकालाच हवा होता. त्या काळात मी विकण्याची पद्धत बदलली. आधी नुसता टॉवर न्या, कार्डाची खाच रिकामी ठेवा, असं सांगू लागलो. प्रोसेसरमध्येच असलेल्या एचडी ४६०० ग्राफिक्सवर माइनक्राफ्ट आणि बरेच जुने गेम सेटिंग कमी करून चालतात. अभ्यास सुरू झाला, हौसही थोडी भागली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. तेव्हा हीच पोरं एकेक करून परत आली आणि निम्म्याहून कमी पैशांत कार्ड बसवून गेली. वाट बघायला सांगणं हेही विक्रेत्याचं काम आहे, हे मला त्या दोन वर्षांनी शिकवलं.

त्या पुरात खोटी कार्डंही वाहत आली. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाचं बायॉस बदलून त्याला १०५० टीआय असं नाव दिलेलं असतं. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं, गेम सुरू केला की यंत्र कोसळतं. जीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्राम अशा कार्डापुढे सरळ 'फेक' असं लिहून दाखवतो. वापरलेलं कार्ड विकणाऱ्याने हा प्रोग्राम चालवून दाखवायला टाळाटाळ केली, तर तिथून उठून यावं. 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणजे दुकानात चालू करून दाखवलं की जबाबदारी संपली, असा बाजाराचा रिवाज आहे. मी मात्र वापरलेलं कार्ड काही तास पूर्ण ताकदीने चालवून बघितल्याशिवाय कुणाला देत नाही.

काही माल मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर ओसरल्यावर दुकानं-ऑफिसांतली भिजलेली यंत्रं मातीमोलाने विकायला निघाली. वाळवून चालू केली की त्यातली काही चालतही होती. पण पुराचं पाणी चिपच्या पायांखाली गाळ सोडतं, तो हवेतला दमटपणा ओढतो आणि तांब्याच्या रेषा आतून कुजत जातात. सहा महिन्यांनी बोर्ड मरतो. तोवर ते यंत्र कुणाच्यातरी घरात पोचलेलं असतं. ओळखण्याची खूण म्हणजे स्क्रूच्या खाचांतली तपकिरी माती आणि पोर्टांवरचा हिरवट गंज.

दुसरी गोष्ट डिस्कची. लॉटमधल्या एका डिस्कवर कुठल्यातरी ऑफिसच्या पगारपत्रकांचा आणि कर्मचाऱ्यांच्या आधार कार्डांच्या प्रतींचा अख्खा फोल्डर तसाच होता. क्विक फॉरमॅट केल्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो आणि तो परत काढता येतो. लॉटमधल्या प्रत्येक डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहून मगच तिला हात लावायचा, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. परक्याची माहिती आपल्या टेबलावर आली की ती आपली जबाबदारी होते.

जुन्या वाड्यांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून एक तक्रार हमखास येते, 'कॅबिनेटला हात लावला की करंट लागतो.' यंत्रात दोष नसतो, घराला आर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही बॉडीशी जोडतात. अर्थ नसला की बॉडीवर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा, नुसती चुरचुर जाणवते. पण चालू यंत्राला त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल लावली की पोर्ट किंवा कार्ड जाऊ शकतं. हल्ली पीसी देताना मी गिऱ्हाइकाला सांगतो की आधी वायरमनला बोलावून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करा. पाचशे-हजाराच्या वायरिंगसाठी हात आखडता घेऊन पंधरा हजारांचं यंत्र पणाला लावू नये.

माझ्या या कामाला खरं वळण दिलं ते एका आईने. अकरावीतल्या मुलाला घेऊन त्या आल्या आणि त्याच्यासमोरच म्हणाल्या, 'भाऊ, हा अभ्यासाला हवा म्हणतो, पण मला माहितीय याला गेम खेळायचाय. तुम्ही खरं काय ते सांगा.' मी सांगितलं, 'ताई, खेळेलही आणि शिकेलही. पण पीसी जोडताना तो माझ्या शेजारी बसेल, स्क्रू तो आवळेल.' मुलगा दोन दिवस दुकानात बसला. पेस्ट त्याने लावली, रॅम त्याने बसवली, विंडोज त्याने टाकलं. पुढे धूळ काढायलासुद्धा तो यंत्र घेऊन आला नाही, घरीच करू लागला. तेव्हापासून ज्याला वेळ आहे त्या प्रत्येकाला मी शेजारी बसवतो. माझ्या दुरुस्तीची गिऱ्हाइकं त्यामुळे कमी झाली, विश्वासाची वाढली. महाग, बंद डब्यातल्या यंत्राला मुलं हात लावायला भितात. दहा हजारांच्या जुन्या टॉवरला भीत नाहीत, आणि न भिता उघडलेल्या यंत्राकडूनच माणूस शिकतो.

आता काळ बदललाय, तोही सांगायला हवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही. जुन्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ चढवून 'सगळं चालतं' म्हणून विकणारे आहेत. ती फसवणूक आहे. कार्डांचंही तसंच. ७५० टीआय आणि १०५० टीआय यांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर आता मिळत नाहीत, केवळ सुरक्षेचे अपडेट उरलेत. १६५० ला अजून मिळतात. त्यामुळे हल्ली मी ऑप्टिप्लेक्स ७०६० सारखे आठव्या पिढीचे टॉवर सुचवतो. त्यातला आय५-८५०० सहा कोअरचा, फक्त ६५ वॉटचा, आणि कंपन्यांच्या लीजमधून हे टॉवर आता भरपूर बाहेर पडतायत. ९०२० सारखी चौथ्या पिढीची यंत्रं मी टाकून दिलेली नाहीत. लिनक्स टाकून, विंडोजचे गेम त्यावर चालवणाऱ्या स्टीमच्या प्रोटॉनवर त्यांत एकट्याने खेळायचे कितीतरी गेम चालतात. ऑनलाइन स्पर्धेचे मात्र बरेचसे चालत नाहीत, हे विकतानाच सांगायचं.

इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय. स्वस्त पीसी म्हणजे कमी प्रतीचा पीसी नव्हे. ज्याची मर्यादा आधी मोजली गेली आणि घेणाऱ्याला स्वच्छ सांगितली गेली, तो पीसी चांगला, मग तो दहा हजारांचा असो की लाखाचा. तुम्ही असा एखादा टॉवर घ्यायला निघाला असाल तर एकच विनंती आहे. प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा, कार्डाचा डबा हे सगळं नंतर बघा. आधी विक्रेत्याला कॅबिनेटचं दार उघडायला सांगा आणि एसएमपीएसवरचं लेबल स्वतः वाचा. तिथे किती वॉट लिहिलेत आणि कार्डासाठी वायर आहे की नाही, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका.